सपोर्टची चाकं काढली की मूल पडतंच? सायकल शिकवताना अडतं कुठे, ते शोधायचा क्रम

दर उन्हाळी सुट्टीत आणि दर दिवाळीत आमच्या सोसायटीतलं कुणीतरी हीच तक्रार घेऊन दारात येतं. "काकू, सपोर्टची चाकं होती तोवर मस्त चालवायचा. ती काढली आणि आता दोन हातसुद्धा जात नाही." मी वडोदऱ्याला वाघोडिया रोडच्या बाजूला राहते, लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. आधी माझी दोन मुलं, मग भाची, मग शेजारची आणि मग त्यांच्या ओळखीची, असं करत गेल्या बारा वर्षांत चाळीसेक मुलांच्या सायकलींमागे धावले आहे. बिघाड बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो मुलाच्या धाडसात नसतो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने लिहिते. फुकटात होणारं आधी, मग पाना लागणारं, मग पैसे लागणारं.

बिघाड कसा दिसतो

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी नीट बघा. शक्य असेल तर बाजूला उभं राहून, न बोलता, पाच मिनिटं.

१. सायकल दोन-तीन पायडलांत एका बाजूला कलंडते आणि मूल हँडल नेमकं उलट बाजूला ओढतं. सगळ्यात जास्त हेच दिसतं.

२. तुम्ही सीट धरलीत की चालवतो. हात सुटला, किंवा सुटल्याची नुसती शंका आली, की मागे वळून बघतो आणि पडतो.

३. हँडल सतत लटपटतं, सायकल नागमोडी जाते.

४. पडतो तो दर वेळी एकाच बाजूला.

५. ढकलून दिलं की चालवतो, स्वतःची स्वतः सुरुवात होत नाही.

६. चालवता येते पण थांबता येत नाही. ब्रेक विसरतो, पाय फरफटवतो किंवा उडी मारतो.

७. सायकल काढू या म्हटलं की पोटात दुखायला लागतं.

पहिली दोन लक्षणं असतील तर पायडल काढण्यापर्यंतचं सगळं क्रमाने करा. चौथं असेल तर जागेबद्दलचा भाग आणि सायकल तपासायचा भाग, दोन्ही वाचल्याशिवाय मुलाला दोष देऊ नका.

आधी हे कळायला हवं

सायकल डावीकडे झुकायला लागली की हँडलही थोडं डावीकडेच वळवायचं असतं. मग चाकं पडणाऱ्या अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. तळहातावर काठी उभी धरताना काठी जिकडे कलते तिकडे आपण हात नेतो, तसंच हे. ज्याला सायकल येते तो हे नकळत, क्षणाक्षणाला करत असतो. सपोर्टच्या चाकांवर सायकल झुकतच नाही, त्यामुळे हे शिकायची वेळच येत नाही. उलट ती तीनचाकीसारखी वागते. उजवीकडे वळताना अंग डावीकडे फेकलं जातं आणि डावीकडचं छोटं चाक तो भार पेलतं. वर्षभर ही सवय मुरते आणि एके दिवशी आपण चाकं काढून घेतो. अशा मुलाला सायकल येत नाही म्हणणं बरोबर नाही. त्याला ती उलटी येत असते.

"जोरात मार, चाकं फिरतात म्हणून सायकल पडत नाही" असं घरोघरी सांगतात. वेगाने मदत होते हे खरं, पण कारण एवढं सोपं नाही. २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी एक वेगळी सायकल बनवली होती. चाकांच्या फिरण्यामुळे मिळणारा आधार तिच्यात उलट्या फिरणाऱ्या चाकांनी जवळजवळ पुसून टाकला होता, तरी ती स्वार नसताना स्वतःचा तोल सांभाळायची. 'सायन्स' या नियतकालिकात ते काम छापून आलं. त्यातही मुद्दा हाच होता, की झुकल्यावर तिचं हँडल झुकलेल्या बाजूलाच वळायचं.

आम्ही कसे शिकलो ते आठवून बघा. तासावर सायकल आणायचो, मोठ्या माणसाची, सीटवर बसलं तर पाय कुठेच पोचायचे नाहीत. मग डावा पाय डाव्या पायडलवर आणि उजव्या पायाने जमीन रेटत, लंगडी घातल्यासारखं गल्लीच्या टोकापर्यंत. चार-आठ दिवस तसं झालं की सायकलच्या आडव्या नळीखालून पाय घालून अर्धं पायडल. सीटवर बसायचं सगळ्यात शेवटी. म्हणजे तोल आधी, पायडल नंतर. आणि सायकलचा स्वतःचा इतिहासही तसाच आहे: १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल फॉन ड्राइस यांनी जी दोनचाकी चालवून दाखवली तिला पायडलच नव्हतं, पायाने जमीन रेटत जायचं. पुढच्या चाकाला पायडल असलेल्या सायकली पॅरिसमध्ये बनायला लागल्या त्या १८६०च्या दशकात. सपोर्टची चाकं हा क्रम उलटवतात. पायडल आधी शिकवतात आणि तोल शेवटासाठी राखून ठेवतात.

सीट खाली घ्या

फुकट, दोन मिनिटांचं काम, आणि निम्म्या मुलांचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. मूल सीटवर बसलं की दोन्ही पावलं टाचांसकट जमिनीवर टेकली पाहिजेत आणि गुडघे जरासे वाकलेले राहिले पाहिजेत. चवड्यावर टेकतंय ते चालणार नाही. चवड्यावर उभं राहिलेलं मूल सायकल कलली की ती सावरू शकत नाही, हे त्याच्या अंगाला कळलेलं असतं, आणि म्हणून ते आधीच आखडतं. मग आपण त्याला घाबरट म्हणतो.

पायडल मारताना एवढी खाली सीट बरोबर नाही, गुडघे वर येतात, हे मला माहीत आहे. आत्ता पायडल मारायचंच नाहीये. नंतर वर घेऊ.

सीट पूर्ण खाली नेऊनही टाचा टेकत नसतील तर सायकल मोठी आहे. थेट मापाबद्दलचा भाग वाचा.

हवा

टायरच्या बाजूला किती हवा भरायची तो आकडा छापलेला असतो. तेवढी भरून घ्या. हवा कमी असली की सायकल जड जाते, वेग येत नाही, आणि वेगाशिवाय तोल शिकता येत नाही. दर दोन दिवसांनी हवा जात असेल तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्हवरची वॉल ट्यूब बघा. ते बारीक रबर आपल्याकडच्या उन्हात चिकटून फाटतं. टायर भरीव असेल, हवेचा नसेल, तर हा भाग सोडून द्या.

तुमचा हात

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते, कारण बिघाड सहसा इथेच असतो.

हँडल धरू नका, कधीच. सायकल झुकल्यावर हँडल त्या बाजूला वळायला हवं, आणि तुम्ही धरलंत की ते वळूच शकत नाही. सीट धरून पळणंही फारसं बरं नाही. सायकल जरा कलली की आपण ती ओढून सरळ करतो. मुलाला वाटतं सायकल सरळच असते. तोल जाणं म्हणजे काय आणि तो परत कसा येतो, हे त्याच्या अंगापर्यंत पोचतच नाही. ते सगळं आपल्या मनगटात राहतं. धरायचंच असेल तर मागून दोन्ही काखांत हलके हात ठेवा, म्हणजे तुम्ही मुलाला धरता, सायकलला नाही. सायकल खाली मोकळी हलू द्या.

आणि "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप हात सोडू नका. कळकळीने सांगते. शेजारच्या इमारतीतल्या एका सात वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी तसं सोडलं. तीस फूट गेली, वळून पाहिलं तर बाबा लांब उभे. पडली, कोपर सोललं. नंतर पाच महिने सायकलला हात लावला नाही. माझ्याकडे आणली तेव्हा मी तिला विचारलं, पडायची भीती वाटते का ग? ती म्हणाली, "नाही काकू. पप्पा सोडतील आणि सांगणार नाहीत, त्याची वाटते." मी तिला एकच वचन दिलं, की मी धरणारच नाही, त्यामुळे सोडायचा प्रश्नच नाही. चौथ्या दिवशी ती चालवत होती.

नजर

मुलं पुढच्या चाकाकडे नाहीतर स्वतःच्या पायांकडे बघतात, आणि सायकल नजर असते तिकडे जाते. "खाली बघू नकोस" सांगून उपयोग होत नाही. पंधरा-वीस पावलांवर कुणाला तरी उभं करा आणि बोटं दाखवायला सांगा: किती बोटं? मुलाने ओरडून आकडा सांगायचा. नजर आपोआप वर येते.

जागा आणि वेळ

नवलखीचं किंवा पोलो ग्राउंडचं मैदान मोठं आहे म्हणून लोक तिकडे नेतात. गवतावर पडलं तर लागत नाही हे बरोबर, पण गवत आणि भुसभुशीत माती चाक धरून ठेवतात. मूल जीव काढून रेटतं आणि सायकल तीन फुटांत थांबते. मला सोसायटीतला सपाट सिमेंटचा रस्ता आवडतो, सकाळी सव्वासहाला, गाड्या हलायच्या आधी. वॉचमनला सांगून ठेवायचं. अगदी किंचित, डोळ्याला जेमतेम दिसेल असा उतार मिळाला तर उत्तम. बेसमेंटच्या पार्किंगचा रॅम्प मात्र अजिबात नको. तिथे ब्रेक न येणाऱ्या मुलाला थांबवणारी वस्तू म्हणजे समोरची भिंत.

चौथ्या लक्षणाचं एक कारण रस्त्यातच असतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता करतात. तुम्ही रोज कडेने शिकवत असाल तर मूल रोज त्याच बाजूला पडणार. एकदा रस्त्याच्या मधोमध, किंवा उलट दिशेने चालवून बघा. पडण्याची बाजू बदलली तर दोष रस्त्याचा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशी ओलांडतो, आठच्या पुढे मुलांना बाहेर काढू नका. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले, फक्त उत्तरायण, म्हणजे आमचा पतंगांचा सण, सोडून. १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस, त्याआधीचे दहा-बारा आणि नंतरचे चार-पाच दिवस मी शिकवणं पूर्ण बंद ठेवते. झाडाला अडकलेली पतंगाची दोरी मुलाच्या गळ्याच्या उंचीवर लोंबत असते आणि वेगात आलेल्याला ती दिसत नाही. मोठी माणसं स्कूटरला तारेची कमान लावतात ती उगीच नाही.

पायात बूट, नाडीची टोकं आत खोचलेली. चपला नकोत, घोळदार फ्रॉक नको. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट. मान जोराने हलवली तरी जागचं हलता कामा नये.

पायडल काढा

इथून पाना लागतो. १५ नंबरचा. सायकलवाला चहाच्या पैशांत काढून देईल, पण आधी विचारेल, लोक पायडल बसवायला येतात, तुम्ही काढायला का आलात?

घरी काढणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. रोजच्या सवयीने फिरवलंत तर ते आणखी आवळलं जाईल आणि जोर लावत राहिलात तर क्रँकचा (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचा) आटा जाईल. मी अशी खूण ठेवते. पाना पायडलवर लावून त्याचा दांडा वर करायचा. तो मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडलं सुटतात, पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही आवळतात.

सपोर्टची चाकं बऱ्याच सायकलींत मागच्या चाकाच्या आसावर, त्याच नटाने बसवलेली असतात. ती काढली की तो नट पुन्हा नीट आवळायलाच हवा. मी तीनदा असं पाहिलं आहे, की घरी चाकं काढली, नट हातानेच फिरवून ठेवला, मागचं चाक तिरकं झालं आणि टायर फ्रेमला घासायला लागला. मूल जोर लावतंय, सायकल पुढे जात नाही, आणि घरचे म्हणतात याच्या अंगात ताकद नाही. आवळल्यावर चाक दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, ते वाकून बघा. चेन मधोमध दाबली तर बोटाच्या पेराएवढी हलावी. त्याहून जास्त लोंबत असेल तर ती उतरेल.

आता लंगडीच्या जागी घसरगुंडी

पायडल नसलेल्या सायकलवर मूल बसेल आणि चालेल. आधी नुसतं चालायचं, बसून. मग ढांगा मोठ्या. मग पळणं. मग दोन-तीन ढांगा पळून दोन्ही पाय उचलायचे आणि मोठ्याने मोजायचं: एक, दोन, तीन. पाय टेकले की मोजणी थांबली. पहिल्या दिवशी दोनपर्यंत जातं. मोजायला सांगायचं कारण असं, की मोजताना श्वास अडकत नाही आणि दात आवळले जात नाहीत.

या टप्प्यावर काही शिकवू नका. हँडल कुठे वळव, अंग कुठे झुकव, काही सांगू नका. सायकल कलते, मुलाचं हँडल आपोआप त्या बाजूला जातं, सायकल उठते. वीस-तीस वेळा असं झालं की अंगाला ते कळतं, आणि शब्दांनी सांगितलेलं त्यात आडवं येतं. मी लांब कठड्यावर बसते आणि फक्त आकडा ऐकते.

वीस मिनिटं पुरे, सकाळ-संध्याकाळ. मूल दमायच्या आधी थांबवा, "अजून एकदा" म्हणत असतानाच. दमलेलं मूल वाईट पडतं आणि तीच शेवटची आठवण घेऊन घरी जातं.

पडणंही इथेच शिकवते. माझे वडील तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे. आम्हाला झाडावर चढू द्यायच्या आधी ते उतरायला शिकवायचे. तसंच सायकल उभी धरून मुद्दाम एका बाजूला कलू द्यायची आणि त्या बाजूचा पाय टाकून उतरायचं, सायकल सोडून द्यायची. डावीकडे दहा वेळा, उजवीकडे दहा वेळा. सायकलला ओरखडे येतात. येऊ देत.

ब्रेकही पायडल लावायच्या आधीच. सहावं लक्षण असलेल्या मुलांना ब्रेक शिकवायचा राहूनच गेलेला असतो. आधी लिव्हर बोटांना पोचतो का बघा; बऱ्याच लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. आपल्याकडच्या सायकलींना उजवा लिव्हर बहुतेक वेळा पुढच्या चाकाचा असतो, पण चाक उचलून फिरवून खात्री करा. खडूने रस्त्यावर रेघ ओढायची, घसरत यायचं, दोन्ही ब्रेक मिळून हळू दाबायचे आणि रेघेवर थांबायचं. मुलांना हा खेळ इतका आवडतो की पायडलची आठवणच राहत नाही.

सरळ जाताना दहापर्यंत मोजणी सलग तीनदा झाली, हलक्या वळणावरही पाय वर राहिले, आणि रेघेवर थांबता आलं, की पायडल लावा. कुणाला एक सकाळ लागते, बहुतेकांना दोन ते पाच दिवस. एका मुलाला तीन आठवडे लागले. आता तो माझ्यापेक्षा चांगली चालवतो.

पायडल लावल्यावर सुरुवात

पायडलांवर एल आणि आर लिहिलेलं असतं. आधी हाताने फिरवून आटा सरळ बसतोय ना ते बघा, मगच पाना.

पाचवं लक्षण, म्हणजे सुरुवात न होणं, जवळजवळ नेहमी पायडलच्या जागेमुळे असतं. पायडल सगळ्यात खाली असताना किंवा अगदी वर असताना दाबलं तर जोर वाया जातो. उजवं पायडल पुढच्या बाजूला, अर्ध्याहून थोडं वर आणून ठेवायचं, उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळात दोन वाजलेत तसं. त्यावर उजवा पाय, डावा जमिनीवर, आणि एक दमदार दाब. डावखुऱ्या पायाची मुलं असतात. चेंडू कोणत्या पायाने मारतो ते बघा आणि त्या पायाने सुरुवात करू द्या.

लटपट असेल तर वेग कमी आहे. पहिले दोन दाब जोरात दिले की हँडल शांत होतं. पंधरा दिवस बरे गेले की सीट एक बोट वर घ्या, मग आणखी एक.

इतकं करूनही अडत असेल तर सायकल तपासा

पुढचं चाक हवेत उचला आणि सायकल थोडी तिरकी करा. हँडल आपलं आपण झुकलेल्या बाजूला पडायला हवं. मध्येच अडकून राहत असेल तर हँडलखालचा कोन (हँडल ज्यावर फिरतं तो भाग) फार आवळलेला आहे किंवा आतल्या गोळ्या कोरड्या पडल्या आहेत. तोल सावरायला हँडल मोकळं फिरावं लागतं हे वर लिहिलंच आहे, म्हणून अशा सायकलवर शिकणं मोठ्या माणसालाही जड जाईल. उलट, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर खट्खट् वाजत असेल तर कोन सैल आहे. दोन्हीवर दुकानात पंधरा मिनिटांत इलाज होतो.

चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे, उलटा बसवलेला नाही ना, हेही बघा. खोक्यातून आलेल्या नव्या सायकलींत हे मी दोनदा पाहिलं. चिमट्याची खालची टोकं पुढे झुकलेली असायला हवीत. उलटा असेल तर चाक फ्रेमच्या जवळ येतं, वळताना मुलाचा बूट त्याला लागतो आणि सायकल जराशा धक्क्याने भरकटते. पुढचा ब्रेक चिमट्याच्या मागे गेलेला दिसला तर जवळपास नक्की समजा.

हँडल चाकाशी काटकोनात आहे का, चाक फिरवल्यावर डावी-उजवीकडे डोलतं का (डोलत असेल तर दुकानात सरळ करून घ्या), क्रँक हलतो का, एवढं आणखी. रोज एकाच बाजूला पडणाऱ्या मुलाच्या सायकलचं हँडल तिरकं निघालं, असं एकदा झालं आहे.

माप

सगळ्यात महाग म्हणून शेवटी. "वाढत्या अंगाचं" माप कपड्यात चालतं, सायकलीत नाही. साधारण चार ते सहा वर्षांना १६ इंची, सहा ते नऊला २० इंची, पण वय फसवं असतं. पायांची आतली उंची (जांघेपासून टाचेपर्यंत) मोजा आणि टाचा टेकतात का तेच बघा. मोठी सायकल घरात असेल तर ती ठेवून द्या आणि शिकण्यापुरती लहान मागून आणा. आमच्या सोसायटीत एक १६ इंची सायकल आहे, पायडल काढलेली. तिच्यावर अकरा मुलं शिकली. ती कुणाची होती हे आता कुणाला आठवतही नाही.

इथे थांबा

फ्रेम किंवा चिमट्याला तडा, वेल्डिंगजवळ रंग फुटून बारीक रेघ, क्रँकचा आटा गेलेला, ब्रेक दाबूनही चाक फिरतंय: सायकल वापरू नका, मिस्त्रीकडे न्या. तडा गेलेला चिमटा वेल्डिंग करून वापरू नका, बदला.

पडल्यावर मूल बेशुद्ध झालं, क्षणभरच का होईना, ओकाऱ्या झाल्या, गुंगी आली, गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, डोकेदुखी वाढत गेली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखान्यात न्या. हँडलचं टोक पोटात लागलं असेल तर बाहेर नुसता गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला मार लागलेला असू शकतो आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. पोट दुखत राहिलं, उलटी झाली, मूल निस्तेज दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. हँडलची रबरी ग्रिप फाटून लोखंडी नळी उघडी पडली असेल तर आधी ग्रिप बदला, मग चालवा. मनगट सुजलं किंवा मूल हात वापरायचं टाळतंय, तर एक्स-रे.

आणखी एक, ज्याबद्दल आईवडील बोलायला कचरतात. मूल सात-आठ वर्षांचं आहे, माप बरोबर आहे, पायडलाशिवाय तीन-चार आठवडे रोज सराव झाला आणि मोजणी दोनच्या पुढे जातच नाही. शिवाय शर्टाची बटणं, नाडी बांधणं, जिना उतरणं, चेंडू झेलणं यातही ते बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. तेव्हा सायकल शिकवणं थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हालचालींचा ताळमेळ बसवायला जड जाणारी मुलं शाळेच्या वयात शंभरात पाच-सहा असतात, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्यांच्याबरोबर टप्प्याटप्प्याने काम करतात. डोळेही तपासून घ्या. एका मुलीचा एक डोळा अधू आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती उजवीकडच्या वस्तूंवर आदळायची आणि रागावून घ्यायची.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पायडल काढलेली सायकल तशीच जिन्याखाली राहू द्या. मुलाने स्वतः बाहेर काढली तर काढू द्या, नाही काढली तर विचारू नका.